शनिवार-रविवार, सहा माणसं, एक गाडी: ऑक्टोबरात डोंगरात कुठे जाऊ?

मीनल_क | गुरुवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. नवऱ्याची या शनिवारची सुट्टी आज संध्याकाळी पक्की झाली. दिवाळीची साफसफाई निघाली की पुढचा महिनाभर कोणी उंबरठा ओलांडणार नाही, म्हणून परवाच निघायचं असं घरात ठरलंय. कुठे, ते ठरत नाहीये.

माणसं: आम्ही दोघं, सासू-सासरे, मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ६. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये झालंय. सपाटीवर छान चालतात, पायऱ्या नकोत. सासऱ्यांना "एक तरी गड" हवाय. मुलांना पाणी हवंय. मला दोन दिवस स्वयंपाक नकोय, एवढंच.

सिंहगड रोडवरून निघणार, गाडी सात सीटची आहे. मुक्काम एकच रात्र. महाबळेश्वरला सकाळपासून फोन करतेय, एक तर जागा नाही किंवा दोन रात्री घ्या म्हणतात. काहीतरी सुचवा, प्लीज. उद्या दुपारपर्यंत बुकिंग करायचंय.

---

उचापती | गुरुवार, रात्री ९:५२

सासऱ्यांना गड, सासूबाईंना सपाटी, पोरांना पाणी, तुम्हाला आयतं. शनिवारवाड्यावर न्या. गड म्हणता येईल, सपाट आहे, कारंज्याची जागा दाखवा आणि बाहेर भेळ खा. (दिवा घ्या)

---

स्ट्रॉबेरी_क्रीम | गुरुवार, रात्री १०:०५

महाबळेश्वर सोडू नका. मुख्य बाजारात जागा नसेल तर तापोळ्याच्या रस्त्याला विचारा, तिकडे शेतघरं बरीच झालीत. कोयनेच्या बॅकवॉटरमध्ये बोट, म्हणजे मुलं खूश. प्रतापगडावर बऱ्याच वरपर्यंत गाडी जाते, म्हणजे सासरेही खूश. हवा तर काय, १३५० मीटरवरची. पुण्यात ऑक्टोबर हीटने जीव जात असताना तिथे संध्याकाळी शाल लागते.

---

घाटवाटा | गुरुवार, रात्री १०:३१

पाचगणी-महाबळेश्वरला दिवाळीच्या आधीच्या शनिवारी जाणं म्हणजे पसरणी घाटात पुढच्या गाडीचा नंबर पाठ करणं. वाईपासून वर जायला किती वेळ लागेल ते कोणी सांगू शकत नाही. आणि आयडी स्ट्रॉबेरी असला तरी आत्ता तिथे स्ट्रॉबेरी नाही. रोपं आत्ता कुठे लागलीत, फळ नोव्हेंबरअखेर-डिसेंबरात. आत्ता मिळतं ते शीतगृहातलं नाहीतर बाटलीतलं.

प्रतापगडाला गाडी वर जाते हे खरं, पण बालेकिल्ल्यापर्यंत पायऱ्या आहेतच. सासूबाईंना भवानीच्या देवळापर्यंतसुद्धा चढावं लागेल.

मीनलताई, एक विचारतो. शनिवारी पहाटे किती वाजता निघू शकता? उत्तर "आठला" असेल तर पुढचं लिहीत नाही.

---

मीनल_क | गुरुवार, रात्री १०:३८

सासरे साडेचारला उठून चहा करतात, त्यामुळे पाचला निघू शकतो. मुलांना पांघरुणासकट गाडीत टाकायचं.

---

पिंपळपान | गुरुवार, रात्री १०:४५

भंडारदरा! रंधा धबधबा, विल्सन धरण, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ. देवळाला पायऱ्या नाहीत म्हटलं तरी चालेल आणि त्या कोरीवकामासमोर माणूस तासभर उभा राहतो. रतनगडाच्या माथ्यावर या दिवसांत सोनकीची फुलं असतात, सगळा माथा पिवळा. सासऱ्यांना दम असेल तर रतनगड, नाहीतर लांबून बघा. धरण १९२६ चं आहे, मुलाला तेवढाच इतिहास.

---

घाटवाटा | गुरुवार, रात्री ११:०२

जागा उत्तमच, पण या वेळी नको. कारणं:

पुण्याहून आळेफाटा-संगमनेर-अकोले-राजूर करत पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. सहा वर्षांची मुलगी आणि नवा गुडघा घेऊन जाऊन-येऊन दोन दिवसांतला एक गाडीतच जातो. शनिवारी रात्री तलावाकाठच्या तंबूंमधले स्पीकर ऐकायचे असतील तर गोष्ट वेगळी. रतनगडाला शिड्या आहेत आणि नेढ्यापर्यंत (माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकापर्यंत) जाऊन यायला अख्खा दिवस हवा. कळसूबाईचं नाव कोणी काढायच्या आत सांगतो, सुट्टीच्या दिवशी तिथल्या शिड्यांना रांग असते. सांदण दरीत अजून पाणी असणार, ती डिसेंबरनंतर.

एका रात्रीच्या सहलीला माझा साधा हिशेब आहे. एका बाजूचा प्रवास तीन तासांच्या वर गेला की ती सहल ड्रायव्हरच्या वाट्याची नाही.

मी जुन्नर म्हणेन. नाणेघाट.

---

उचापती | गुरुवार, रात्री ११:०५

नाणेघाट? जुलैत गेलो होतो. गाड्या लावायला जागा नव्हती, उलटा धबधबा बघायला अर्धं ठाणे आणि अख्खं पिंपरी-चिंचवड आलं होतं. रेनकोटांशिवाय काही दिसलं नाही.

---

घाटवाटा | गुरुवार, रात्री ११:२०

जुलै आणि ऑक्टोबर यात हाच तर फरक आहे. ती गर्दी धबधब्याच्या रीलसाठी येते. कड्यावरून पडणारं पाणी खालून येणाऱ्या वाऱ्याने परत वर उडतं, त्याला पाऊसही हवा आणि पावसाळी वाराही. दोन्ही गेले की रीलवाले गेले. ऑक्टोबरात सगळी गर्दी थंड हवेच्या ठिकाणांवर आणि घाटमाथ्यावरची गावं मोकळी. गवत अजून हिरवं, टोकाला पिवळं पडायला लागलेलं. टाक्यांत पाणी, हवा धुतलेली, कड्यावरून कोकण स्पष्ट दिसतं. डिसेंबरात धुरकट असतं, मार्चमध्ये वणवे. माझ्या मते घाटमाथ्याचे वर्षातले सगळ्यात चांगले तीन आठवडे हेच, आणि नेमके तेव्हाच लोक मॉलमध्ये असतात.

तुमच्यासाठी मुद्द्याचं असं की नाणेघाटाच्या पठारावर थेट गाडी जाते. सासूबाई गाडीतून उतरून सपाटीवर पन्नास-शंभर पावलं चालल्या की समोर जीवधन, वानरलिंगीचा सुळका आणि खाली कोकण. जकातीचा तो दगडी रांजण वरच आहे. लेणं मात्र नळीतून, म्हणजे अरुंद घळीतून, थोडं खाली उतरून आहे, दगड ओबडधोबड आहेत, तिथे त्यांनी जाऊ नये. बाकीच्यांनी जावं, मुलीचा हात धरून.

---

जुन्नरचा_पाव्हणा | शुक्रवार, सकाळी ६:५०

राम राम. आमच्या तालुक्याचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं.

ताई, या की. फक्त एक ध्यानात ठेवा, नकाशात "घाटघर" टाकलं तर फोन तुम्हाला भंडारदऱ्याच्या घाटघरला नेईल. तेही घाटघर, आमचंही घाटघर. दरवर्षी कोणी ना कोणी संध्याकाळी फोन करतं की दादा, आम्ही धरणावर आलोय, तुमचं घर कुठंय. तुम्ही जुन्नर टाका, मग आपटाळे, चावंड, पूर, घाटघर, नाणेघाट. वाटेत माणिकडोह धरणाचं पाणी लागलं म्हणजे बरोबर चाललाय.

मुक्कामाचं बोला. घाटघरात आणि आजूबाजूला घरगुती सोय आहे. खोली साधी, गादी-पांघरूण, गरम पाणी बंबातलं. माणशी हजार-बाराशेत राहणं, दोन वेळचं जेवण, सकाळचे पोहे-चहा. बुकिंगच्या ॲपवर यातलं एकही घर सापडणार नाही, फोनवरच बोलावं लागतं. विपूत (खासगी निरोपात) नंबर पाठवतो, इथं जाहीर टाकत नाही.

डिझेल जुन्नरात भरून घ्या. रोख पैसे ठेवा. चावंडच्या पुढं रेंज कमी होत जाते, एखाद्या कंपनीची येते, एखाद्याची अजिबात नाही.

---

बटव्यातली_सुपारी | शुक्रवार, सकाळी ८:१५

मीनल, माझ्या दोन्ही गुडघ्यांचं झालंय, म्हणून हक्काने सांगते. डोंगर, हवा वगैरे सगळं ठीक, आधी बाथरूम विचार. कमोड आहे का? नसेल तर स्टीलची घडीची कमोड खुर्ची मिळते, ती गाडीत टाक. जमिनीवर गादी असेल तर सासूबाईंना उठता येणार नाही, एक पलंग किंवा दिवाण आहे का ते फोनवर विचारून घे. "सगळी सोय आहे" या उत्तरावर विश्वास ठेवू नकोस, फोटो मागव. रात्री उठल्या तर बल्ब कुठे आहे तेसुद्धा विचार.

आणि गाडीत पुढच्या सीटवर त्यांना बसव, सासऱ्यांना नाही. दर तासाला थांबून पाच मिनिटं पाय मोकळे. सासरे कुरकुरतील, कुरकुरू देत.

---

मीनल_क | शुक्रवार, सकाळी ९:०५

बटवाताई, हे कोणी सांगितलंच नव्हतं. थँक्यू. पाव्हणे, विपू बघितली. फोन केला. एका घरी मागच्या खोलीत पलंग आणि कमोड दोन्ही आहे, मुलगा शिकायला पुण्यात असल्याने त्याची खोली देतो म्हणाले. फोटोही आला. जवळजवळ नक्की करतेय.

पण आता दोन प्रश्न. एक, पाऊस? सासरे म्हणतात परतीचा अजून गेलेला नाही. दोन, गड कुठला?

---

ढगवेडा | शुक्रवार, सकाळी ९:४०

सासऱ्यांना नमस्कार सांगा, बरोबर बोलतायत. मॉन्सून आपल्याकडून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात काढता पाय घेतो, पण जाता जाता रोज दुपारचा तमाशा करून जातो. जुलैचा पाऊस दिवसभर पडतो आणि त्यात वीज फारशी नसते. ऑक्टोबरचा उलटा. सकाळी निळं आकाश, कडक ऊन, जमीन तापते, दमट हवा वर चढते आणि दोन-तीनच्या सुमाराला घाटमाथ्यावर काळे ढग उभे राहतात. मग तासभर वारा, विजा, टपोरे थेंब. सातला परत चांदणं.

म्हणून या दिवसांत डोंगराचं वेळापत्रक सकाळचं. जे काय उंचावरचं असेल ते साडेअकरा-बारापर्यंत उरका, दोनच्या आत छपराखाली. पुण्याच्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं "दामिनी" ॲप आहे, आसपास वीज पडत असेल तर ते इशारा देतं. पण रेंज नसेल तर ॲप मुकं. तेव्हा जुनी पद्धत. वीज चमकली की मोजायला लागा, गडगडाट ऐकू येईपर्यंत. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आलं तर पठार सोडा आणि गाडीत बसा, काचा वर. झाडाखाली नाही, रेलिंग धरून नाही, पाण्यात पाय सोडून तर नाहीच. नाणेघाटाचं पठार उघडं आहे, तिथे सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असाल.

---

घाटवाटा | शुक्रवार, सकाळी १०:१०

ढगवेड्याला +१.

गडाचं. जीवधन आणि चावंड दोन्ही समोर दिसतील, दोन्हींचा मोह टाळा. चावंडला कातळातल्या उंच उंच पायऱ्या आहेत, सहा वर्षांच्या मुलीच्या गुडघ्याच्या वर येतात. जीवधनला नाणेघाटाच्या बाजूने कातळटप्पा आहे. हडसर नंतर कधीतरी.

सरळ शिवनेरी करा. शनिवारी जाताना सकाळीच. पायऱ्यांची वाट रुंद आहे, सात दरवाजे ओलांडत आरामात पाऊण-एक तासात वर. शिवाई देवी, गंगा-जमुना टाकं, जन्मस्थानाची इमारत, बदामी तलाव, कडेलोट. सासऱ्यांना गड मिळाला, मुलाला १६३० चं स्थळ पुस्तकाबाहेर मिळालं. नऊच्या आत चढायला लागलात तर शाळांच्या सहली यायच्या आधी उतरालही.

सासूबाईंसाठी: दोन तास पायथ्याला बसवण्यापेक्षा आदल्या रात्री त्यांनाच विचारा. ओझरचा विघ्नहर सपाटीवर आहे, नारायणगावाहून जवळ, तो येताना करता येईल. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या, डोली मिळते, पण डोलीत बसायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न.

---

बटव्यातली_सुपारी | शुक्रवार, सकाळी १०:२५

डोलीत मी बसले आहे लेण्याद्रीला. चार माणसं उचलतात तेव्हा लाज वाटते आणि उतरताना भीती. पण गणपती भेटला.

---

अक्षरवेडी | शुक्रवार, सकाळी ११:४८

नाणेघाटाला जाऊन फक्त रांजण आणि कोकणकडा बघून परत येणाऱ्यांसाठी. लेण्याच्या आत डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लेख आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिचा, दोन हजार वर्षांहून जुना, प्राकृतात. कुठले यज्ञ केले आणि प्रत्येकाला दक्षिणा काय दिली याची यादी आहे ती, गायी, घोडे, कार्षापण नाणी. राजसूय आहे, अश्वमेध आहे. एका राणीने घाटाच्या तोंडाशी, जिथे प्रत्येक व्यापारी थांबणारच, तिथे आपल्या घराण्याचा जमाखर्च कोरून ठेवलाय.

मुलाला आकडे शोधायला सांगा. भारतात कोरलेले अगदी जुने आकडे जे सापडतात त्यांत हे आहेत. शून्य नाही त्यात. शंभराला वेगळं चिन्ह, हजाराला वेगळं. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, आता पावलांच्या खुणा उरल्यात आणि वर नावं. सिमुक, सातकर्णी, नागनिका.

टॉर्च न्या, बाजूने तिरका मारा, अक्षरं उठून दिसतात. खडूने, पाण्याने, कशानेही अक्षरं "स्पष्ट" करायला जाऊ नका.

---

मीनल_क | शुक्रवार, दुपारी १२:३०

मुलगा शेजारी बसून वाचतोय, टॉर्चचे सेल तपासून झाले.

---

एकांतप्रिय | शुक्रवार, दुपारी १:१५

माफ करा, पण असे धागे काढून तुम्ही लोक एकेक जागा मारता. साताऱ्याचं फुलांचं कास पठार बघा. तिकीट, ऑनलाइन बुकिंग, संख्येवर मर्यादा. आधी कोणी लिहिलं, मग सगळे गेले, आता फुलांपेक्षा माणसं जास्त. नाणेघाटाचं पावसाळ्यात झालंच आहे, आता ऑक्टोबरही घालवा.

---

घाटवाटा | शुक्रवार, दुपारी १:४०

कासचा मुद्दा मान्य. पण बुकिंग आणि मर्यादा आहे म्हणून तर तिथे फुलं उरली. आणि हा धागा वाचून सहा माणसं एका घरी जाऊन राहतील. त्याने घाट मरत नाही.

---

जुन्नरचा_पाव्हणा | शुक्रवार, दुपारी २:२०

एकांतप्रिय दादा, तुमचं म्हणणं कळतं. पण आमच्या बाजूनं पण बघा. वरच्या गावांत पिकतं काय, तर भात, नागली, वरई. पाऊस मरणाचा पडतो आणि जानेवारीनंतर प्यायच्या पाण्याची वणवण. माणिकडोह डोळ्यासमोर आहे, पण त्याचं पाणी खाली कालव्यानं उसाला जातं. हिरडा गोळा करतात, त्याला भाव असला तर असला. पोरं नारायणगावला टोमॅटोच्या गाड्या भरायला नाहीतर चाकणला कंपनीत. पावसाळ्यात गर्दी येते ती मक्याचं कणीस खाते, बाटल्या टाकते आणि जाते, मुक्काम करत नाही. राहणारे सहा जण आले तर त्या घराचा किराणा निघतो.

ढगवेडे, तुमचा तो दुपारचा तमाशा आत्ता आम्हाला नकोय. भाताची कणसं बाहेर आलीत, हळवा (लवकर पिकणारा) तर कापायला झाला. आडवा झाला की गेला. पाहुण्यांनी भाताच्या बांधावरून फोटोसाठी चालू नये, एवढं सांगा.

आणि ताई, एक महत्त्वाचं. अंधार पडल्यावर पोरं एकटी अंगणाबाहेर सोडू नका. आमचा तालुका बिबट्यांसाठी नावाजलेला आहे. जास्त करून खाली उसाच्या पट्ट्यात असतो, पण वर फिरत नाही असं नाही. घाबरू नका, रात्री बाहेर पडायचं तर मोठं माणूस बरोबर, हातात बॅटरी आणि बोलत बोलत.

---

उचापती | शुक्रवार, दुपारी २:३१

बोलत बोलत जायचं असेल तर आमच्या घरातल्या कोणालाच बिबट्या दिसायचा नाही.

---

बॉस्टनवासी | शुक्रवार, दुपारी ३:०५

इथे पहाट आहे, झोप येत नाहीये म्हणून वाचतोय. अवांतर, पण इकडेही आत्ता हीच बोंब. ऑक्टोबरातला कोलंबस डेचा जोडून सुट्टीचा वीकेंड आला की न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात पानांचे रंग बघायला सगळा बॉस्टन जातो, कॅन्कमॅगस रस्त्यावर गाड्यांची माळ. आम्ही हल्ली एक आठवडा उशिरा जातो, रंग थोडे उतरलेले असतात पण सफरचंदाच्या बागेत पार्किंग मिळतं. घाटवाटा यांचा तीन तासांचा नियम इथेही लागू. बाकी, मासवडीबद्दल कोणीच काही बोललं नाही याचा निषेध.

---

जुन्नरचा_पाव्हणा | शुक्रवार, दुपारी ३:४०

निषेध मान्य. ताई, जेवणात मासवडी-रस्सा हवा असेल तर आजच सांगून ठेवा, ती ऐनवेळी होत नाही. बेसन पिठल्यासारखं घोटून ओल्या फडक्यावर थापायचं, वर तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण, कोथिंबीर भाजून केलेलं सारण, मग फडक्यानंच गुंडाळून दाबून वडी पाडायची. रस्सा काळ्या मसाल्याचा, झणझणीत. नावात मासा असला तरी आत मासा नाही, सासूबाईंना सांगून ठेवा. पोरांसाठी रस्सा वेगळा काढायला सांगा.

---

पिंपळपान | शुक्रवार, दुपारी ४:०२

वाचनखूण साठवली. भंडारदरा हरलं तरी हरकत नाही. कोणाला शनिवारची दुपार मोकळी असेल तर पूरचं कुकडेश्वराचं देऊळ बघा, घाटघरच्या वाटेवरच. कुकडी नदीचा उगम तिथला. चढ नाही.

---

घाटवाटा | शुक्रवार, संध्याकाळी ५:१५

बरोबर, कुकडेश्वर राहिलंच होतं. आणि शनिवारी दुपारी वीजबीज नसेल तर त्याच देवळाच्या ओढ्यात मुलांचे पाय भिजतील. माणिकडोहच्या पाण्यात उतरू देऊ नका. धरणाचा काठ गाळाचा असतो, वरून दिसत नाही, पाय रुततो.

चाकण सहाच्या आत ओलांडा. परतीला तो नियम चालत नाही, रविवारी संध्याकाळी चाकण-मोशी कधीही तुंबतं. एक वाजता वरून निघालात तर निम्मं टळेल.

---

मीनल_क | शुक्रवार, रात्री ९:२०

ठरलं! शनिवारी पाचला निघणार. शिवनेरी, जेवण, कुकडेश्वर, मुक्काम घाटघर (आमचं, जुन्नरचं). रविवारी सकाळी नाणेघाट, येताना ओझर. मासवडी सांगितली. पलंगाचा फोटो दोनदा मागवला. कमोड खुर्ची घेतली नाही, तिथे कमोड आहे. सगळ्यांचे आभार, सोमवारी कळवते.

---

मीनल_क | सोमवार, रात्री १०:१०

आलो. लिहिते जमेल तसं, वॉशिंग मशीन चालू आहे.

शनिवारी चाकण अंधारातच ओलांडलं. नारायणगावात मिसळ. शिवनेरीला सासरे सगळ्यांच्या पुढे, प्रत्येक दरवाजापाशी थांबून नातवाला "इथून आत आलेला शत्रू दिसतो का सांग" असं विचारत. मुलगी शेवटून तिसऱ्या दरवाजापर्यंत चालली, मग नवऱ्याच्या खांद्यावर. सासूबाई पायथ्याला न थांबता पहिल्या दोन दरवाजांपर्यंत सावकाश आल्या, तिथे कट्ट्यावर एका शाळेच्या बाईंशी गप्पा मारत बसल्या. आम्ही उतरलो तेव्हा त्यांच्याकडे त्या बाईंचा नंबर, लोणच्याची कृती आणि त्यांच्या भाचीचं स्थळ होतं.

कुकडेश्वराला दीडला पोचलो. देऊळ नीट बघितलं, ओढ्यात मुलं दहा मिनिटं. तेवढ्यात पश्चिमेला काळं. मुलाने मोजायला सुरुवात केली, चाळीस, मग तेहतीस, मग सासरेच म्हणाले चला. घरी पोचून चहा हातात घेतला आणि जे काय कोसळलं! ढगवेडे, तुम्हाला मुलाने खास धन्यवाद सांगितलेत. यजमान मात्र दारात उभे राहून भाताकडे बघत होते. त्यांचा एक वाफा आडवा झाला. सकाळी यजमानीणबाई आणि त्यांची सून जुड्या बांधून उभ्या करत होत्या. आपण "काय मस्त पाऊस" म्हणत असताना ते बघणं सोपं नव्हतं.

मासवडी: सासूबाईंनी दुसरी वाढ मागितली, इतिहासात नोंद व्हावी. रस्सा जहाल आहे, बॉस्टनवासी, दही लागतं सोबत.

रविवारी सातला पठारावर. आमच्याशिवाय एक सायकलवाल्यांचा गट आणि गुरं. खाली कोकणात ढग भरलेले, आठपर्यंत विरले. धबधबा ओघळापुरता, उलटाबिलटा नाही, म्हणून मुलगी रुसली, मग रांजणात डोकावून स्वतःच्याच आवाजाशी खेळत बसली. सासूबाईंना यजमानांनी घरून प्लॅस्टिकची खुर्ची दिली होती, ती गाडीतून काढून कड्यापासून लांब मांडली. लेण्यात तिरका टॉर्च मारला तेव्हा अक्षरं खरंच उठून आली. मुलाने आकड्यांची चिन्हं वहीत उतरवलीत आणि आता त्याच्या बाकावर मित्राचे मार्क त्या आकड्यांत लिहायचा बेत आहे.

काय जमलं नाही: ओझर. रविवारी दर्शनाची रांग बाहेर रस्त्यापर्यंत होती, सासूबाईंनीच बाहेरून हात जोडले. आणि चाकण. एक वाजता निघूनही चाकण.

खर्च, सहा जणांचा मिळून डिझेल, मुक्काम, मिसळ, सगळं धरून दहा हजारांच्या आत. महाबळेश्वरला एका खोलीच्या एका रात्रीचे जवळपास तेवढेच सांगत होते.

---

बटव्यातली_सुपारी | सोमवार, रात्री १०:३०

गुडघा कसा आहे?

---

मीनल_क | सोमवार, रात्री १०:३४

थोडी सूज होती काल रात्री, बर्फाने उतरली. पुढच्या सीटचा सल्ला सोन्यासारखा. सासरे कुरकुरले.

---

स्ट्रॉबेरी_क्रीम | मंगळवार, सकाळी ११:००

छान झाली म्हणायची सहल. आम्ही गेलो होतो महाबळेश्वरला. पसरणी घाटाबद्दल कोणी काही विचारू नका.

---

सहज_आलो | बुधवार, दुपारी ४:४५

धागा वर काढतोय. आम्ही आठ जण आहोत, सगळे तिशीतले, येत्या शनिवारी जायचं म्हणतोय. गुडघे शाबूत आहेत. नाणेघाट सकाळी उरकला तर उरलेल्या दिवसात गाडीनेच आणखी काय होईल?

---

जुन्नरचा_पाव्हणा | बुधवार, संध्याकाळी ६:१०

आपटाळ्याहून दुसरा फाटा धरा, इंगळूण, आंबे, हातवीज करत दुर्गवाडी. रस्ता अरुंद, चढ खडा, समोरून एसटी आली तर मागं घ्यायची तयारी ठेवा. वर दुर्गादेवीचं राईतलं देऊळ आहे आणि पुढं कोकणात तुटलेला कडा. जेवणाला हॉटेल नाही, गावात सकाळीच सांगून ठेवावं लागेल. भात-कापणी चालू असेल, बायामाणसं शेतात असतात, तेव्हा पिठलं-भाकरीच्या पलीकडं काही मागू नका. नंबर विपूत पाठवतो.